जावयाला कूलर लावा

काम पुढं सरकत नसलं की किस्से साठतात. नांदेडच्या आमच्या ऑफिसात काम बरेचदा सरकत नसे, म्हणून हे इतके साठले.

आम्ही तिघं. दीपा, सतीश आणि मी. केळीच्या पानाचा फोटो बघून करपा आहे की नाही ते सांगणारं मॉडेल तयार करत होतो. त्याला शिकवायला एकच दमदार ग्राफिक्स कार्ड होतं. ऑफिसातल्या एकुलत्या एक कूलरचं तोंड कायम त्याच्याकडे, म्हणून त्याचं नाव जावई.

दीपाच्या वडिलांनी, अप्पांनी, तिला बजावलं होतं, "लातूरच्या शेतकरी कंपनीपुढचा डेमो जमला तर नांदेडात राहा. न्हाई जमला तर मुकाट पुण्याची नोकरी धर." दीपाला पुणं नको होतं. आम्हाला दीपाशिवाय ऑफिस नको होतं.

*

सतीशची आई अर्धापूरहून डबा घेऊन आली. मे महिना, आम्ही घामानं निथळत होतो.

"कूलर त्या पेटीला कशापायी लावला रे?"

"आई, तापलं की कार्ड हळू चालतंय."

"तुझा बाप बी उन्हाळ्यात असाच चालतो. त्याला न्हाई कुणी कूलर लावला."

*

एकदा मॉडेलची शिकवणी भलतीच मंदावली. दीपा कूलरमध्ये पाणी ओतून बेजार झाली. मग कळलं, सतीश त्याच कार्डावर बंदुकांचा गेम खेळतोय.

"कार्डाची ताकद तपासून राहिलो," सतीश म्हणाला.

दीपानं त्याचा माउस कपाटात कुलूपबंद केला. डेमोपर्यंत तो बिचारा कीबोर्डवरच खटखट करत होता.

*

लातूरला जीपनं निघालो. पुढची सीट, सीटबेल्ट आणि गोधडी जावयाला. मागे आम्ही तिघं आणि अप्पा. निकाल त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता.

हॉलवर पोचल्यावर सतीशनं करप्यानं खाल्लेलं पान कॅमेऱ्यापुढे धरलं. मॉडेल म्हणालं, निरोगी. तेच पान मी धरलं. करपा. दीपाचा चेहरा उतरला आणि तिची नजर सतीशच्या बोटावर गेली. शिकवणीसाठीचे निरोगी पानांचे सगळे फोटो त्यानं स्वतःच्या हातात पान धरून काढले होते, आणि बोटात पुष्कराजाची अंगठी. मॉडेल पान बघतच नव्हतं. अंगठी दिसली की निरोगी!

पाहुणे जेवायला बसत होते. फोटोंतला हात कापून पुन्हा शिकवायचं म्हणजे लॅपटॉपवर दिवस मावळला असता. जावयानं एका पंगतीत उरकलं असतं, पण हॉल भट्टीसारखा तापला होता.

अप्पा उठले. शेतकरी कंपनीच्या चेअरमनसमोरचा कूलर ओढत आणला आणि जावयाकडे वळवला.

"अहो, आम्ही उकडून राहिलो की," चेअरमन म्हणाले.

"जरा दम धरा. माझ्या पोरीचं नांदेड अडकलंय."

पंगतीत ताक आलं तेव्हा शिकवणी संपली. सतीशनं अंगठीच्याच हातानं ते पान धरलं. करपा! मी आणि सतीश चेअरमनसमोरच नाचलो.

*

पुढच्याच आठवड्यात अधिक महिना लागला. अप्पा इस्त्रीच्या कपड्यांत ऑफिसात आले. हातात ताट, ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची वाटी. काखेत टॉवेल-टोपी.

"अप्पा, हे कुणाला?" दीपानं विचारलं.

त्यांनी माझ्याकडे आणि सतीशकडे पाहिलंसुद्धा नाही. जावयाच्या पेटीसमोर ताट ठेवलं, टोपी वर चढवली आणि म्हणाले,

"कूलर जरा वाढव गं. जेवताना त्यांना उकडायला नको."