बाळ्याचा डोळा

“कॉर्नियल अल्सर,” डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरची जखम. डोळ्यात रंगाचा थेंब टाकून त्यांनी निळा उजेड मारला, तशी ती जखम हिरवीगार चमकली.

पेशंट म्हणजे रे रोडजवळ मांज्यात अडकलेलं, फळं खाणारं वटवाघूळ. हिंदमाताच्या दुकानात साड्यांना फॉल लावून झाले की मी परळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात मदतीला जाते. त्याचा पंख भरून आला होता, सोडायचं ठरत होतं, आणि ते एक डोळा मिटून बसू लागलं. मला वाटलं, झोप येत असेल. वटवाघळं आंधळी असतात म्हणे! पण ही जात डोळ्यांनीच वाट काढते. डोळा गेला तर जन्मभर पिंजरा.

थेंब दिवसातून कितीदा तरी घालायचे होते. मी रजा काढली. डॉक्टरांनी बजावलं, “जाड हातमोजे घाला, अंगाला फडकं गुंडाळा आणि त्याच्याशी बोलू नका. त्याला माणसाची भीती राहायला हवी.”

न बोलता औषध? आमच्या घोडपदेवच्या चाळीत पोराला साधी गोळीसुद्धा गोष्ट सांगून देतात. “झालं हं बाळ्या, झालं,” करतच मी थेंब घालायचे. घरी आई करवादायची, “वाघळाची सेवा करतंस, माझी कधी करतलंस गो?”

हळूहळू डोळ्यावरचा धुरकट डाग निवळला. पुन्हा रंग टाकला, हिरवं काही चमकलं नाही. मी सगळ्यांना पेढे वाटले.

मग त्याला गच्चीवरच्या मोठ्या पिंजऱ्यात, बऱ्या झालेल्या इतर वटवाघळांबरोबर ठेवलं. आम्ही आत शिरताच बाकीची वटवाघळं फडफडत टोकाला पळाली. बाळ्या माझा आवाज ऐकून आला आणि बाहीला लटकला. मी वेडी, हसले. डॉक्टर हसल्या नाहीत.

“डोळा उत्तम आहे. पण याला सोडता येणार नाही. उद्या कुणाच्याही खिडकीत शिरेल, लोक काठी उचलतील.”

तुमच्यावर रानातल्या जिवाची सेवा करायची वेळ आली, तर तोंड मिटून करा. माया मनात ठेवा. मला ते जमलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

बाकीच्यांना आम्ही एका संध्याकाळी गच्चीवरून सोडलं. बाळ्या पिंजऱ्याच्या जाळीला लटकून बघत होता, दोन्ही डोळे टक्क उघडे. शेवटचं वटवाघूळ मला दिसेनासं झालं. बाळ्याला ते अजून दिसत होतं.