कॅनबेराच्या पेपरात आप्पा

माझा धाकटा, अमोल, मेलबर्नजवळ ट्रुगानिनाला राहतो. थोरली प्राची कॅनबेराला. अमोलकडे महिनाभर राहून झालं, आणि जूनच्या एका गारठलेल्या सकाळी त्याने मला कॅनबेराच्या बसमध्ये बसवलं. पट्टा लावून दिला, मांडीवर शाल टाकली आणि जाता जाता ड्रायव्हरच्या कानात काहीतरी सांगून गेला. काय सांगितलं कोण जाणे. दिवसभर तो माणूस प्रत्येक थांब्यावर मागे वळायचा आणि मला अंगठा दाखवायचा. आपल्याकडे कुणी असा अंगठा दाखवला तर भांडण होईल. इथे त्याचा अर्थ 'सगळं ठीक ना, आजी?' असा असतो. मग मीही त्याला दाखवत राहिले.

रस्ता लांबच लांब. दोन्हीकडे पिवळं पडलेलं गवत, मधूनच एखादं पांढऱ्या खोडाचं निलगिरीचं झाड, आणि मेंढ्या. इतक्या मेंढ्या, पण माणूस म्हणून दिसेल तर शपथ! धनगराविना मेंढ्या मी जन्मात पहिल्यांदा पाहिल्या. दुपारी बस एका पेट्रोलपंपापाशी थांबली. सगळे उतरून चिप्स खायला गेले. मी बाकावर बसून अमोलच्या बायकोने दिलेले धपाटे खाल्ले, हात धुतले आणि ऐटीत बसमध्ये चढून माझ्या जागेवर गेले, तर तिथे एक लाल केसांची मुलगी झोपलेली. मी तिला हलवून जागं करणार, तेवढ्यात खालून हाक आली, "राँग वन, लव्ह!" आमचाच ड्रायव्हर. मी चढले होते ती सिडनीची गाडी. रंग तोच, कंपनी तीच. उतरले. त्याने पुन्हा अंगठा दाखवला. या वेळी मात्र मी खाली मान घालून बसले.

राजधानी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दिल्ली होती. लाल दिव्याच्या गाड्या, पोलीस, गर्दी. कॅनबेराला संध्याकाळी उतरले तर शुकशुकाट. प्राची कडेवर इराला घेऊन उभी होती. इरा म्हणजे माझी नात, सव्वा वर्षाची. तिला मी पहिल्यांदाच हातात घेतलं. तिने माझं नाक धरलं आणि सोडेचना. घरी जाताना गंगालिन नावाच्या त्यांच्या वस्तीत, रस्त्याकडेच्या गवतात चार कांगारू चरत होते. आपल्याकडे गाढवं चरतात तसेच, कुणाकडे ढुंकून न बघता.

दुसऱ्या दिवशी जावयांनी, निखिलरावांनी, मला पार्लमेंट दाखवलं. टेकडीतच बांधलंय, वर गवत लावलंय. छान आहे. पण खरं सांगू का, मला कॅनबेरा कळलं ते पेपरातून.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी मी किराण्याच्या पुड्यांवरून, औषधांच्या बाटल्यांवरून आणि मग नातवंडांच्या पुस्तकांवरून शिकले. बोलायला येत नाही, पण बोट ठेवून वाचता येतं. आणि पेपर दिसला की मला राहवत नाही. प्राचीच्या घराजवळ शॉप्स आहेत (वस्तीतली पाच-सहा दुकानं एकत्र असतात, त्यांना इथे नुसतं शॉप्स म्हणतात). तिथे बेकरीच्या दाराशी एका घडवंचीवर पेपर रचून ठेवलेले. फुकट! एक मोठा साप्ताहिक पेपर, एक गुळगुळीत मासिक, आणि एक वस्तीतल्याच लोकांनी काढलेलं चार पानी पत्रक. मी तिन्ही उचलून आणले.

"आई, सगळं फोनवर असतं गं," प्राची म्हणाली.

"फोनवर मला पान उलटल्यासारखं वाटत नाही."

मग रोज दुपारी इरा झोपली की मी खिडकीतल्या उन्हात पेपर घेऊन बसायची. आणि काय सांगू! राजधानीचा पेपर, पण पंतप्रधान कुठे तरी आत, कोपऱ्यात. पहिल्या पानावर काय, तर तळ्याकाठच्या पार्किंगचं भांडण. मग लायब्ररी रविवारी उघडी असावी का. मॅगपाय नावाचा पक्षी वसंतात सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतो, त्यावर एका बाईंनी आत्तापासूनच हेल्मेटला डोळे रंगवले, त्यांचा फोटो. पत्रकात तर याहून मजा. कुणाचं मांजर हरवलंय, कुणाच्या झाडाला लिंबं फार आलीत, फाटकाशी टोपली ठेवली आहे, घेऊन जा. जगाच्या नकाशावरचं एवढं मोठं ठिकाण, पण पेपरात शिरलं की आमचं कराडच.

मी पेपर मागून वाचायला सुरुवात करते. मागच्या पानावर गेलेल्यांची आठवण असते ना, तिथून. आपल्याकडच्या बायका हसतील, पण सगळ्याच तसं वाचतात. तर त्या साप्ताहिकात मागच्या पानावर एक लहानशी चौकट होती. एका बाईने लिहिलं होतं, 'बाबा, आज तुमचा वाढदिवस. टोमॅटो यंदा चांगले आलेत. तुमची, जेनी.' बस्, एवढंच. फोटो नाही, कैलासवासी नाही, शोकाकुल नाही. मी ते तीनदा वाचलं. पुढच्याच आठवड्यात आमच्या ह्यांचा वाढदिवस होता. जाऊन सव्वा वर्ष झालं. घरात पोरं यांना आप्पा म्हणत.

संध्याकाळी प्राची भांडी घासत होती. मी तिला चौकट दाखवली आणि म्हटलं, "आपण आप्पांसाठी यात असं काही देऊ या का?"

तिने वळून पाहिलं नाही. नळ तसाच चालू ठेवून म्हणाली, "कशाला? त्यात तरी माझं नाव असणारे का?"

मला आधी काही कळेना. मग तिने नळ बंद केला.

"आप्पा गेले तेव्हा पेपरात आलं. अमोलचं नाव. काकांचं, चुलतभावांचं. समस्त मित्रपरिवार. माझं नव्हतं. वर्षश्राद्धाला पुन्हा आलं, तेव्हाही नव्हतं. अमोलने व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. मी मोठं करकरून बघितलं, आई. वाटलं, खाली बारीक अक्षरात असेल."

ते गेले तेव्हा इरा पोटात होती, नववा महिना. डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. अमोल आला, सगळं त्याच्या हातून झालं. जाहिरात माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, चौकातल्या पेपरच्या ऑफिसात बसून लिहून दिली. लग्न झालेल्या मुलींची नावं आमच्याकडे घालत नाहीत. पद्धतच तशी. त्या दिवसांत माझ्यापुढे पेपर कुणी धरला असता तरी मला अक्षर दिसलं नसतं. आणि ही पोर इथे, सातासमुद्रापलीकडे, नाव शोधत बसलेली. सव्वा वर्षात एक शब्द बोलली नाही. आप्पांचा विषय निघाला की उठून इराचं काहीतरी करायला जायची. ते का, हे मला आत्ता कळलं.

मी म्हटलं, "उद्या त्या पेपरचं ऑफिस कुठाय ते बघ."

"आई, इथे त्यांना कोण ओळखतं?"

"तू ओळखतेस की."

लाल ट्राममधून आम्ही शहरात गेलो. इरा बाबागाडीत. ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. हेलन नावाची एक बाई, पिकलेले केस, अंगात जाड विणीचा स्वेटर, पायाशी हीटर लावून बसलेली. बातम्या तीच लिहिते, जाहिराती तीच घेते, आणि गुरुवारी स्वतःच्या गाडीतून पेपर वाटायलाही तीच जाते. आम्हाला बघून तिने खुर्चीवरचे गठ्ठे जमिनीवर ठेवले.

प्राचीने सांगितलं, वडिलांसाठी चौकट द्यायची आहे. हेलनने पेन घेतलं. प्राची इंग्रजीत सांगू लागली, प्रेमळ पिता, सर्वांचे लाडके...

हेलनने पेन खाली ठेवलं. "असं सगळेच लिहितात, डिअर. आणि सगळ्यांचं खरंच असतं. ते करायचे काय?"

प्राची इराची टोपी सारखी करत बसली. तेव्हा मीच मराठीत सुरू झाले. म्हटलं, हिला सांग, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, ते राहू दे. रुमालाचं सांग.

"आई, ते कसं सांगू!" म्हणत प्राची हसली. तिच्याकडे आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

कराड स्टँडवर दिवाळीत, लग्नसराईत गाडी फलाटाला लागायच्या आत हे धावत जायचे आणि खिडकीतून आत रुमाल टाकायचे. जागा धरली! स्वतःसाठी कधीच नाही. पाहुण्यांसाठी, शेजाऱ्यांच्या पाहुण्यांसाठी, कडेवर मूल असलेल्या कुठल्याही बाईसाठी. गाडी सुटली की हात हलवून चालत घरी.

प्राचीने हे सगळं सांगितलं. हेलनचे डोळे मोठे झाले. "चालत्या बसमध्ये? आणि लोक ते मानतात? कुणी रुमाल बाजूला करून बसलं तर?"

"छे!" प्राची म्हणाली. "असं कुणी करत नाही." मग जरा थांबून, "बसलंच तर आप्पा आत चढायचे."

हेलन हसता हसता म्हणाली, "आणि ते रुमाल त्यांना परत मिळायचे का?"

एवढं साधं विचारलं हो तिने. पण प्राचीचा चेहराच बदलला. "नेहमी नाही," ती म्हणाली. "आई ओरडायची. मी इथे यायला निघाले ना, तेव्हा मुंबईला विमानतळावर त्यांनी मला विचारलं, जागेला नंबर असतो का. मी म्हटलं, असतो. तर म्हणाले, मग माझं इथं काही काम नाही. आणि रुमाल हातात धरून तसेच काचेबाहेर उभे राहिले." हेलन उठली, चहा करून आणला. दूध जास्त, साखर नाही, पण आम्ही सगळा प्यायलो. इराने तोवर गठ्ठ्यातला एक पेपर फाडून खाल्ला. "नो वरीज," हेलन म्हणाली, "कुणीतरी माझा अंक पचवला."

मग चौकट ठरली. 'आप्पा, कराड. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून ते दुसऱ्यांसाठी जागा धरायचे. वाढदिवसाचा नमस्कार. तुमची मुलगी, प्राची.'

"आणखी कुणाची नावं?" हेलनने विचारलं. प्राचीने माझ्याकडे पाहिलं.

"नको," मी म्हटलं. "अमोलचं दोनदा छापून झालंय."

गुरुवारी पेपर आला. मी बेकरीच्या दाराशी जाऊन मोठा गठ्ठाच उचलला. मग लाज वाटली, अर्धे परत ठेवले. आतून बेकरीवाल्याने ओरडून सांगितलं, न्या न्या, फुकट आहेत. पुन्हा उचलले.

त्याच दिवशी आर्वोला (इथे दुपारला लाडाने आर्वो म्हणतात) दारावर टकटक झाली. शेजारच्या जोन आजी. वर्षभरात त्यांचं प्राचीशी 'आज थंडी आहे' याच्यापुढे बोलणं नव्हतं. त्यांच्या हातात पेपर होता.

"ही प्राची तूच का?"

"हो," प्राची म्हणाली. "माझे वडील."

त्या आत येऊन बसल्या. मी कांदेपोहे केले. जोन आजींनी मिरची बाजूला काढून ते खाल्ले आणि आणखी मागितले. प्राची बोलत होती. आप्पांचं जेवणं, आप्पांचं घोरणं, कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणं. पेरू कापून त्यातली पिकलेली फोड कुणाच्या लक्षात न येता तिच्या ताटात सरकवणं, हे तर मलाही माहीत नव्हतं. अंधार पडला तरी दिवा लावायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. मी आत जाऊन उगाच कोथिंबीर निवडत बसले. तिला बोलू दिलं.

कराडला परतले त्या संध्याकाळी भाऊजी भेटायला आले. चहा झाला. मी तो पेपर त्यांच्या हातात दिला आणि चौकटीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पान उलटून मागे पाहिलं.

"एवढंच? बाकीची नावं कुठं गेली, वहिनी?"

"एवढंच. तिकडे तसंच असतं."

"पण आपल्याकडे मुलींची..." ते म्हणाले आणि थांबले. पुन्हा वाचू लागले. त्यांना इंग्रजी बरं येतं, तरी एवढ्याशा चौकटीवर बराच वेळ गेला. मी बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भाऊजी वाईट नाहीत.

"हे पोरीनं लिहिलं?"

"तिनंच."

"मी दोन वेळा लिहिलं," ते म्हणाले. "दोन्ही वेळा त्यात आमचा दादा कुठं दिसला नाही." मग त्यांनी खिशातून फोन काढला. "लावा तिला. मला त्या व्हिडिओचं जमत नाही."

प्राची उचलते तोच भाऊजी चौकात बोलावं तसे ओरडू लागले. "प्राची, काका बोलतोय! पुढच्या पुण्यस्मरणाचा मजकूर तू पाठवायचा. नाव तुझं पहिलं. तू थोरली!"

मग प्राची म्हणाली, "काका, समस्त मित्रपरिवार घालायचा ना?"

"तो घालावाच लागतो बाई. नाहीतर हे लोक मला चौकात फिरू देणार नाहीत."

दोघं हसले. मी भाऊजींचा कप उचलून आत गेले, कारण मला हसताही येत नव्हतं आणि रडताही.

आता गल्लीतल्या बायका विचारतात, एवढी त्या देशाची राजधानी बघून आलीस, काय काय पाहिलंस? पार्लमेंटचं सांगते, कांगारूंचं सांगते. पण त्या गेल्या की मी एकटीच पेपर उलगडते. एका परक्या शहराने आमच्या लेकीला विचारलं, तुझे वडील कसे होते. आम्ही तिला ते विचारलंच नव्हतं.