दुखवट्याच्या घरी ‘येतो’ म्हणालो

मंडळी, आज सकाळी रेणापूरला मित्राच्या आईच्या दुखवट्याला गेलो होतो.

निघताना सवयीने त्याच्या वडिलांना म्हणालो, “येतो अण्णा.”

बैठकीतली कुजबुज थांबली. एरवी शुभ असलेला हा शब्द अशा घरी अपशकुनी मानतात. तिथून न सांगता उठायचं असतं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

मित्राचा चुलता म्हणाला, “सर, इथं येतो म्हणू न्हाई.”

अण्णा म्हणाले, “म्हणू द्या की. सगळेच न सांगता गेले, तर मी बोलू कुणासंग?”

ज्यांचं घर रिकामं झालं, त्यांनीच माझा चुकलेला शब्द सांभाळून घेतला. रविवारी अण्णांकडे पुन्हा जाणार आहे.

ज्या घरून न सांगता उठलात, तिथे तुम्ही परत कधी गेलात?