काकूंच्या वाटणीचं ऊन

आमच्या सातव्या मजल्यावरून शेजारच्या बंगल्यातला छोटा पोहण्याचा तलाव दिसतो. अर्धांगवायूनंतर तिथल्या काकूंना डॉक्टरांनी कोमट पाण्यात व्यायाम सांगितला, म्हणून काकांनी पाणी तापवायला गच्चीभर सोलर पॅनल बसवले. तेव्हा आमची इमारत नव्हती. आता थंडीत अकरा वाजल्यापासूनच आमची सावली त्या काळ्या पॅनलवर चढते.

परवा फाटकाशी काका भेटले. मी ओशाळून म्हटलं, "काका, आमच्यामुळे तुमचं ऊन गेलं."

"छे गं, तू काय केलंस? माणसानं घर घ्यायचंच नाही का?" ते घाईघाईनं म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. कुणाचंच काही चुकलेलं नसलं की बोलायला काही उरतच नाही.

आज दुपारी, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं काकांनी तलावात कोपर बुडवलं आणि नकारार्थी मान हलवली. खुर्चीत तयार बसलेल्या काकूंनी मांडीवरच्या टॉवेलची एका हातानं, सावकाश घडी घातली.

मी बाल्कनीत चादर वाळत घालत होते. ती चटकन दोरीवरून ओढली आणि खाली बसले. जणू तेवढीच सावली कमी होणार होती.