धाकटीचं अत्तर

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून धाकटी जाऊ बेंगळुरूहून आली. बरोबर लॅपटॉप आणि बोटभर उंचीची एक बाटली. तिथं कुणी एक बाई घरीच मोजकं अत्तर बनवते म्हणे. आमच्या चिटगुप्पा गावात अत्तर म्हणजे लग्नकार्यात कानात खोचायचा फाया. ही मात्र मनगटावर फवारून नुसती थांबायची.

"अक्का, लगीच हुंगू नका. अंगात मुरू द्या त्याला."

आधी मिऱ्यासारखं नाकात गेलं, मग चंदन आलं. जेवणं होईपर्यंत तिच्या अंगाला केशर घातलेल्या दुधासारखा मऊ वास यायला लागला. सासूबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यानं आधीपासूनच धुरकट दिसतं. त्यांनी तिला वासावरूनच ओळखलं.

"आलीस व्हय बाळा? बैस जवळ." तिचा हात नाकाशी धरून कितीतरी वेळ बसल्या.

मला त्यांनी आजवर कधी बाळा म्हटलेलं नाही. पथ्याचं मी रांधते, न्हाणीपर्यंत मी धरून नेते, आणि मी जवळ गेले की, "थोरली, दूध उतू जायलंय का बघ." माझा नुसता जळफळाट झाला. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी धाकटीनं आपणहून बाटली माझ्यापुढं केली. त्याचाही राग आला, पण घेतली. आंघोळ आणि लिंगपूजा झाली होती. दोन्ही मनगटांवर फवारून वाट बघितली. मिरं नाही, चंदन नाही, केशर तर नाहीच. ओल्या राखेचा वास तेवढा आला.

"तुझ्याच कातडीला लागत असंल हे," मी म्हटलं.

ती हसली. "इभूतीवर मारलंय की तुम्ही! राखंनं पिऊन टाकलं सगळं."

आमच्या घरी आंघोळीनंतर कपाळावर, दंडांवर, मनगटांवर तीन बोटांनी विभूती ओढायची रीत आहे. धाकटी कपाळाला टिकलीएवढी लावते. तिला ऑफिस असतं, म्हणून सासूबाई तिला काही बोलत नाहीत. मला बोलल्या असत्या.

दुपारी ती माडीवर मीटिंगला बसली. मी बाटली घेऊन मोरीत गेले आणि मनगटांवरचे पट्टे ओल्या पदरानं पुसले. लग्न होऊन आल्यापासून असं कधी केलं नव्हतं. मग फवारलं आणि भांडी लावत वेळ काढला. मिरं आलं, चंदन आलं. शेवटी केशरही आलं, तिच्याइतकं गोड नाही, जरा कडवटच, पण आलं.

औषधाची वेळ झाली तशी सासूबाईंची पट्टी काढली. एक थेंब टाकून औषधाची बाटली बदलत होते, तोच त्यांनी डोळे मिटूनच माझा हात धरला आणि नाकाशी नेला. दुसऱ्या हातानं माझा गाल चाचपला.

"तू व्हय बाळा? तूच टाकत जा गं. थोरली लई घाई करती, आग होती डोळ्यात."

तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. बोलले असते तर त्यांनी आवाज ओळखला असता आणि हात सोडला असता.

दुसरा थेंब मी अगदी सावकाश टाकला.