हाडे भरण्याचे वय जपणाऱ्या निर्मलाताई

डॉ. निर्मलाताईंची माझी पहिली भेट जबलपूरच्या आमच्या रुग्णालयातली. अस्थिरोग विभागात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच रुजू झाले होते. न्हाणीघरात घसरून खुबा मोडलेल्या एका वृद्धेचे ऑपरेशन आटोपून ताई बाहेर आल्या आणि थेट तिच्या नातीजवळ बसल्या.

"सकाळी काय खातेस गं?"

"चाय-टोस्ट."

ताई मुलीच्या वडिलांकडे वळल्या. "तुमच्या आईचं हाड मी जोडलं. हिची हाडं भरायचं वय आत्ता आहे. ते चहा-टोस्टवर घालवू नका."

मला त्या जरा कठोरच वाटल्या.

तो ग्रह फिटला चार वर्षांच्या रोशनीमुळे. वडील कारखान्यात कामाला, घर जबलपूरच्याच गोरखपूर भागात. तिचे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. पाय मोडून सरळ करावे लागतील, असे कुणीतरी सांगितल्यामुळे तिची आई संगीता रडतच आली होती. तपासण्यांत मुडदूस निघाला. ताई म्हणाल्या, "ऑपरेशनचं नाव आत्ता नको. औषध, ऊन आणि नीट खाणं, आधी हे करू."

"दूध पचून नाही राहिलं तिले, डॉक्टरजी. काहून जबरदस्ती करू?"

"मग दही दे. तिळाची चटणी, नाचणीची भाकर दे. अंडं चालतं ना घरी?"

खाणे सुधारले, ऊन मात्र रोशनीच्या आजींनी अडवले. तेव्हा एका रविवारी सकाळी ताई मला घेऊन रोशनीच्या घरी पोचल्या.

"धुपात पोरगी काळी पडून जाईल," आजी म्हणाल्या.

"पडू द्या, आजी. पायांवर धड उभी तर राहील!" असे म्हणून ताई रोशनीसोबत अंगणातच खेळत बसल्या. थोड्या वेळाने आजीही बाहेर आल्या.

कित्येक महिने पायांत फरक दिसेना. "चलो, नशीबच खराब," म्हणत संगीता खचली. ताईंनी नवा एक्स-रे उजेडात धरला आणि तिच्याच बोलीत सांगितले, "हे पाह्य, हाड भरून राहिलं. तू थकू नको."

वाढीबरोबर पाय हळूहळू सरळ होत गेले. शस्त्रक्रियेची वेळ आलीच नाही. रोशनी आज कॉलेजच्या खो-खो संघात आहे आणि आजी गल्लीतल्या आयांना दटावतात, "पोरायले धुपात खेळू द्या!"

रोशनीच्या त्या अनुभवापासून ताई अंगणवाड्यांत, शाळांत जाऊन पालकांशी बोलू लागल्या. म्हातारपणी मोडणाऱ्या हाडाची काळजी लहानपणच्या ताटापासून घ्यायची असते, हे त्या घरोघरच्या स्वयंपाकाच्या भाषेत समजावतात.

धाक असला तरी माया मोठी. माझ्या बाळंतपणात त्यांनी स्वतः डिंकाचे लाडू वळून आणले. ते दगडासारखे झाले होते. "शस्त्रक्रिया बरी जमते मला," म्हणत त्याच आधी हसल्या.

ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो आणि ज्यांना त्यांच्या शस्त्रक्रियेची गरजच पडणार नाही, अशी धडधाकट मुले या शहरात त्यांच्या डोळ्यांदेखत मोठी होवोत.