एका फोटोची माफी मागायला: नांदेडमार्गे लातूर

एरवी मी कुठे जायचं ते नकाशा पाहून ठरवते. या वेळी एका फोनमुळे ठरलं.

गेल्या वर्षीच्या श्रावणात लातूर जिल्ह्यातल्या एका गावात, देवळाकडे निघालेल्या बारा वर्षांच्या मुलीचा मी फोटो काढला होता. ओले केस, कपाळाला भस्म, अंगात जुना फ्रॉक, अनवाणी पाय, आणि हसू मात्र मोकळं. ब्लॉगवर टाकताना मी खाली गावाचं नाव दिलं आणि लिहिलं, "पायात चप्पल नाही, पण ओठांवर हसू आहे." वाचकांना ओळ फार आवडली. मलाही आवडली होती, खोटं कशाला बोलू.

वर्षभरानं तिच्या वडिलांचा फोन आला. आवाज शांत होता. "मॅडम, ती माझी पोरगी हाय. आमचं भुसाराचं दुकान हाय. चपला घ्यायची ऐपत हाय आमची." तो फोटो कुणीतरी उचलून मदतनिधीच्या आवाहनाला चिकटवला होता आणि तो जिल्हाभर फिरत होता. मी फोनवरच माफी मागितली. ते म्हणाले, "माझी नका मागू. तिची मागा. रविवारी दुकान बंद असतंय, तवा या."

शुक्रवारी सकाळी नाशिकहून नांदेडला उतरले. स्टेशनजवळच्या गाड्यावर सुशीला खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा फोडणीचा नाश्ता आहे, वर शेंगदाण्याचं कूट, तीस रुपये प्लेट. दुपारी रिक्षानं विष्णुपुरीला जाऊन आले. धरण भरलेलं होतं, गोदावरी रुंद आणि मातकट. ऊन टळल्यावर जा, काठावर सावली नाही. मी कॅमेरा नेला होता, पण पिशवीतून बाहेर काढला नाही. माफी मागायला निघालेल्या बाईनं वाटेत फोटो काढत फिरावं, हे माझं मलाच पटेना.

शनिवारी इस्लापूरला गेले. भोकर, हिमायतनगर करत एसटीनं जवळजवळ अर्धा दिवस जातो. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला जड नाही. रस्त्यावर जागोजाग सोयाबीन वाळत घातलेलं, ड्रायव्हर ते चुकवत गाडी हाकत होता. इस्लापूरहून सहस्रकुंडाच्या धबधब्याला जायला रिक्षा मिळते. पाऊस थांबून काही दिवस झाले होते, तरी पैनगंगेचं पाणी काळ्या खडकावरून जोरात कोसळत होतं. खडक निसरडा आहे, कठड्याच्या पुढे जाऊ नका.

तिथे एका शाळेची सहल आली होती. एक तरुण गुरुजी मुलांना ओळीत उभं करून मोबाईलवर शूटिंग करत होते. "शाळेचं नाव सांगा. जोरात. आता एकेकानं आपलं नाव." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, चेहरा, नाव, शाळा सगळं एकाच व्हिडिओत नको. कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही."

"मी कुठं हौस करून राहिलो, मॅडम?" ते म्हणाले. "कुठलाबी कार्यक्रम केला की फोटो, व्हिडिओ वर पाठवावा लागतो. जागा आन् टाइम छापलेला पायजे. न्हाई पाठवला तर सहल झालीच न्हाई म्हणतेत."

"मग पाठमोरी मुलं घ्या. सहस्रकुंडाची पाटी दिसेल, धबधबा दिसेल."

त्यांनी विचार केला आणि मुलांना फिरवलंही. मग विचारलं, "तुम्ही पत्रकार का?"

"नाही, प्रवासाचा ब्लॉग लिहिते."

"त्यात लेकरांचे फोटो नसतेत?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण शाळेत असताना मी पाठ केली होती. शिकले त्या दिवशी.

रविवारी सकाळी नांदेडहून लातूरची बस पकडली. तिथून पुढे मुलीच्या गावाला गेले, त्या गावाचं नाव या वेळी लिहीत नाही. पाहायला जावं असं तिथे काही नाही, आणि असतं तरी लिहिलं नसतं. त्या कुटुंबाच्या ओळखीच्या खुणाही थोड्या बदलल्या आहेत.

घर दुकानाच्या मागेच होतं. वडिलांनी खुर्ची दिली, आईनं चहा आणला. चहा होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. मुलगी आतल्या दारात उभी होती. वर्षात ती हातभर उंच झाली होती.

वडीलच बोलू लागले. तीन वर्षांमागे त्यांचं मोठं ऑपरेशन झालं. ते बरे होऊन घरी यावेत म्हणून मुलीनं कुणाला न विचारता नवस बोलला, तीन श्रावण देवळाला अनवाणी जाईन. "आम्हाला तर ती पहिल्या सोमवारी चप्पल काढून निघाली तवा कळलं," ते म्हणाले.

मी फोटो काढला तो दुसरा श्रावण होता.

नंतर एक दिवस तो फोटो बघून शाळेत पाहुणे आले, सगळ्यांसमोर तिला चपलांचा जोड देऊन टाळ्या वाजवून गेले. तेव्हापासून वर्गातल्या मुली तिला "चप्पल" म्हणू लागल्या. यंदाचा तिसरा श्रावण आला. पहिल्या सोमवारी ती दारात थांबली, आत गेली आणि चप्पल घालून बाहेर आली. महिनाभर तशीच गेली.

"आता म्हणती, नवस मोडला," आई म्हणाली. "ह्यांना साधा खोकला आला तरी रडती. माझ्यामुळंच झालं म्हणती. देव समजून घील ओ ताई, ही न्हाई घेत."

मला रडू आलं. मी गरिबी दाखवली म्हणून हे लोक दुखावले असतील, एवढंच मी धरून आले होते.

मी उठून मुलीजवळ गेले. "माझं चुकलं. मी तुला विचारलं होतं, पण..."

"फोटो घिऊ का विचारलं होतं," ती म्हणाली. "मी हाव म्हणलं. सगळ्याला दाखवू का, ते कुठं विचारलं? आन् चप्पल का न्हाई, ते बी न्हाई विचारलं."

"नाही विचारलं."

"मंग पुसा."

तिच्यासमोर मी ब्लॉगवरचा फोटो पुसला. मग फोनमधला. "डिलीटच्या डब्यातून बी," ती म्हणाली. तिथूनही पुसला. घरच्या कॉम्प्युटरवरचा उरला होता, तेही तिला सांगितलं.

"आन् दुसऱ्यांनी टाकलेला?"

"सगळ्यांना लिहीन. प्रयत्न करीन."

"म्हंजी न्हाई जाणार," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

वडिलांनी स्टँडपर्यंत स्कूटरवर सोडलं. वाटेत एवढंच म्हणाले, "आलात, ते बरं केलं." लातूरला पोचले तेव्हा परतीच्या गाडीला तीन तास होते. स्टँडजवळ निलंगा राईस खाल्ला. पिवळाधमक, तिखट, शेंगदाण्यांनी भरलेला भात, पन्नास रुपयांत पोट भरतं. चांगला असतो म्हणे. मला चव कळली नाही.

घरी आल्यावर आधी कॉम्प्युटर उघडून तिथला फोटो पुसला. मग तो वापरणारे जेवढे सापडले, त्या सगळ्यांना पत्रं लिहिली. काहींनी लगेच हटवला. बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही. एकानं विचारलं, "अशा मुलांचे अजून फोटो आहेत का? प्रतिसाद छान येतो." ब्लॉगवरचे मुलांचे ओळखू येतील असे सगळे जुने फोटो मी उतरवले. चांगले होते काही, वाईट वाटलं. पण कुठल्याच फोटोच्या वेळी मी त्या मुलाला काय विचारलं होतं, ते मला आठवेना.

ही पोस्ट टाकण्याआधी वडिलांच्या फोनवर पाठवली. म्हटलं, तुम्ही आणि मुलगी, दोघांनी वाचा, नको असेल तर टाकत नाही. चार दिवसांनी मुलीनंच फोन केला. नवसाचं लिहिलेलं राहू द्या म्हणाली, लोकांना कळू दे. दोन ओळी गाळायला सांगितल्या, त्या गाळल्या. मग पुढच्या श्रावणात ती काय करणार आहे, तेही तिनं मला सांगितलं. या वेळी मी विचारलं, "हे लिहू का?"

ती म्हणाली, "नको."